पाणी चढतं तसा उजेड

नाशिकमध्ये पुराची चौकशी केली तर उत्तर फुटांत येत नाही. "मारुतीच्या गुडघ्याला लागलंय," "कमरेपर्यंत आलंय," असं सांगतात. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही आमची पूर मोजायची पट्टी. ऑगस्ट २०१९ च्या मोठ्या पुरात आम्ही सगळे फोनवर एकमेकांना तेच विचारत होतो. तेव्हाच डोक्यात एक नाच बसला: पाच मुली, आणि त्यांच्या अंगावर पायापासून गळ्यापर्यंत चढत जाणारं पाणी. पाणी म्हणजे उजेड.

तो नाच रंगमंचावर यायला साडेपाच वर्षं गेली. त्यातली पहिली जवळजवळ पाच नुसती मनात, शेवटचे आठ महिने कामात. १६ फेब्रुवारी २०२५ ला प्रयोग झाला. पूर्वार्धात माझ्या विद्यार्थिनींचं कथक, उत्तरार्धात हा २४ मिनिटांचा समकालीन नाच. नर्तकीच्या हालचालीवर चालणारी प्रकाशयोजना आपल्याकडे छोट्या गावात, छोट्या पैशांत कशी करायची, याबद्दल मराठीत मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे.

जून २०२४. मी नाच शिकवते, विजेचं मला काही कळत नाही. माझा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगला तिसऱ्या वर्षाला होता, इलेक्ट्रॉनिक्स. त्याला म्हटलं, मुली जितक्या जोरात नाचतील तितकं पाणी चढायला हवं, आणि त्या थांबल्या की हळूहळू उतरायला हवं. तो म्हणाला, "मावशी, हे अवघड नाहीये. लोक साठ वर्षं करतायत." मग त्यानंच शोधून दाखवलं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कला मर्स कनिंगहॅम आणि जॉन केज यांनी रंगमंचावर फोटोसेल आणि अँटेना लावल्या होत्या. नर्तक त्यांच्यासमोरून गेले की आवाज बदलायचा. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चंकी मूव्ह या संस्थेनं जर्मन अभियंता फ्रीडर वाइस याच्या मदतीनं एकाच नर्तिकेचा प्रयोग केला. वर लावलेला कॅमेरा तिचं शरीर ओळखायचा आणि प्रोजेक्टर तिच्याभोवती उजेडाची आकृती काढायचा, तीही तिच्यासोबत हलणारी. त्याच्याही कितीतरी आधी, १८९० च्या दशकात, लोई फुलर पॅरिसमध्ये रेशमाचे घोळ फिरवत त्यांच्यावर रंगीत दिवे पाडत होती. तिचे दिवे हातानं चालवणारी माणसं कुठेतरी अंधारात असत. त्या माणसांचा विचार मी तेव्हा केला नाही. नोव्हेंबरात केला.

जुलै गेला मनगटावरच्या सेन्सरमध्ये. एमपीयू ६०५० नावाची, हालचाल मोजणारी नखाएवढी पाटी २२० रुपयांना मिळाली, तिच्यासोबत वायफायवाली ईएसपी ३२ ची पाटी ५५० ला. दोन्ही मिळून एक काळी पट्टी शिवली आणि मुलींच्या मनगटाला बांधली. हात झटकला की क्लासच्या भिंतीवरची एलईडी पट्टी उजळायची. मुली पहिल्या दिवशी तासभर नुसते हातच झटकत राहिल्या. एलईडी पट्टीचं एक सांगून ठेवते: ५ व्होल्टच्या पट्टीत प्रत्येक एलईडी पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेतो. मीटरला ६० एलईडी धरले तर ५ मीटरला १८ अँपिअर होतात. एकाच टोकानं वीज दिली तर दुसरं टोक पिवळट, मग लालसर पडतं. आम्हाला वाटलं पट्टी खराब आहे, बदलून आणली, तीही तशीच. दोन्ही टोकांना वीज द्या, प्रश्न सुटतो.

ही एलईडी पट्टी शेवटी वापरलीच नाही. पण मुलींना "आपण हललो की उजेड हलतो" हे अंगात मुरायला तो महिना उपयोगी पडला, त्यामुळे वाया गेला असं मी म्हणणार नाही.

ऑगस्टमध्ये नाट्यगृहाची तारीख मागायला गेले. इथे माझी पहिली मोठी चूक झाली. मला डिसेंबर हवा होता. नोव्हेंबर ते जानेवारी हा शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम, हे माझ्या लक्षातच नव्हतं. शनिवार-रविवार सगळे गेलेले. १६ फेब्रुवारीचं रात्रीचं सत्र मिळालं आणि खूप विनवण्या केल्यावर आदल्या दिवशीचं दुपारचं. अर्ज, ओळखपत्राची प्रत, संस्थेचं पत्र, भाडं, त्यावर जीएसटी आणि वेगळी अनामत. वातानुकूलन हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. मी फॉर्मवर प्रयोगाच्या रात्रीपुरती एसीची खूण केली, तालमीच्या सत्रासाठी नको म्हटलं. तीन-साडेतीन हजार वाचले म्हणून बरं वाटलं होतं. या खुणेकडे मी पुढे परत येणार आहे.

आदल्या दिवशीचं सत्र मात्र घ्याच. त्याला मला ९,५०० रुपये पडले आणि घरात सगळ्यांनी विचारलं की तालीम क्लासमध्ये होत नाही का. नाच क्लासमध्ये होतो. उजेड क्लासमध्ये होत नाही. क्लासचं छत ९ फुटांवर आहे आणि आमचा कॅमेरा १८ फुटांवर लागणार होता.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर कागदांचे. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. नाटकवाल्यांना हे पाठ असतं, आम्हा नाचणाऱ्यांना वार्षिक कार्यक्रमांमुळे त्याची सवय नसते. ज्या नाचात एकही वाक्य नाही त्याची संहिता काय द्यायची? एका जुन्या नाट्यकर्मी ओळखीच्या बाईंनी सांगितलं, "कथासार लिही, मिनिटामिनिटाला रंगमंचावर काय घडतं ते लिही, गाण्याचे शब्द असतील ते जोड, वेशभूषा सांग." मी चार पानं लिहिली. "मिनिट ७: पाणी घोट्यापर्यंत. पाचही जणी उजवीकडे झुकतात." असं सगळं. कागद जाऊन प्रमाणपत्र हातात यायला पाच आठवडे गेले, त्यातला एक आठवडा माझी सही एका पानावर राहिली म्हणून. प्रत्येक पानावर सही करा. मग त्या प्रमाणपत्राच्या प्रतीसह पोलीस ठाण्यात पत्र. तिथे दोन फेऱ्या, पैसे काही नाहीत.

संगीत आमचंच होतं: पखवाज, नदीचा आवाज आणि दोन ओव्या. तरीही पखवाज वाजवणाऱ्या आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या मित्रांकडून साध्या कागदावर सहीनिशी संमती घेतली. पूर्वार्धातही दुसऱ्या कुणाचं ध्वनिमुद्रित गाणं ठेवलं नाही, कारण ते लावलं की जाहीर वादनाच्या परवान्याचा वेगळा खर्च आणि वेगळी धावपळ येते.

त्या चार पानांनी माझं आणखी एक काम केलं. मिनिटामिनिटाला लिहिताना कळलं की मला मनगट मोजायचंच नाहीये. पाचही जणींची मिळून किती हालचाल होते ते हवं आहे. त्यात भाच्यानं एक शंका काढली. ही मनगटपट्टी वायफायवर चालते. प्रेक्षागृहात तीनशे फोन आले की काय होईल? आम्ही क्लासमध्ये पालकांना बोलावलं, चाळीस जण, सगळ्यांना हॉटस्पॉट चालू करायला सांगितलं. उजेड अडखळायला लागला. मनगटपट्ट्या त्या दिवशी डब्यात गेल्या.

मग कॅमेरा. एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्राचा कायनेक्ट नावाचा कॅमेरा कुणीतरी दिला होता, पण त्याला साधारण साडेचार मीटरपर्यंतच नीट दिसतं, आणि आमची नाचायची जागा २४ फूट रुंद, म्हणजे सात मीटरच्या वर. घरातला सीसीटीव्हीचा कॅमेरा लावून पाहिला, तर त्याचं चित्र लॅपटॉपवर अर्धा सेकंद उशिरा यायचं. शेवटी ऑक्टोबरच्या एका शनिवारी भाचा आणि मी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो, लॅमिंग्टन रोडला. तिथे प्लेस्टेशन ३ चा जुना कॅमेरा १,१०० रुपयांना मिळाला. सेकंदाला ६० चित्रं देतो आणि उशीर फार कमी. सीसीटीव्हीला लावतात तसे ८५० नॅनोमीटरचे चार इन्फ्रारेड दिवे, प्रत्येकी ७५०. आणि लॅपटॉपमधून दिवे चालवायला यूएसबीची डीएमएक्स पेटी, ४,८००.

इन्फ्रारेड का, ते सांगते. कॅमेरा साधा ठेवला तर तो आपलेच रंगीत दिवे बघतो. दिवा बदलला की त्याला वाटतं नर्तकी हलली, मग दिवा आणखी बदलतो, आणि उजेड आपल्याच शेपटीमागे फिरत राहतो. म्हणून कॅमेऱ्याला फक्त तोच उजेड दाखवायचा जो आपल्याला दिसत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगामागची इन्फ्रारेड अडवणारी छोटी काच काढावी लागते आणि पुढे दिसणारा उजेड अडवणारं काहीतरी लावावं लागतं. विकतचा फिल्टर मिळतो. पण भाच्यानं कुठेतरी वाचलं होतं की धुतलेल्या रंगीत निगेटिव्हचं काळं टोक तेच काम करतं. माझ्या लग्नाच्या फोटोंची पाकिटं आईकडे होती. तिनं स्वतः शोधून काढली, रोलच्या सुरुवातीचा काळाकुट्ट, जिथे काहीच चित्र नाही तो तुकडा कापून दिला. दोन घड्या एकावर एक ठेवून चिकटवल्या. खिडकीतून ऊन येत होतं, ट्यूब चालू होती, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर ट्यूब काळी, आई पांढरी. ती बराच वेळ आपल्याच हाताकडे बघत बसली.

या कॅमेऱ्यानं पुढे एक धक्का दिला. पोशाख काळा ठरला होता, मागचा पडदा काळा. इन्फ्रारेडमध्ये दोन्ही पांढरेशुभ्र. काळा रंग डोळ्यांना काळा असतो, या कॅमेऱ्याला कापड कशानं रंगवलंय त्यावर ठरतं. मुली पडद्यात विरघळून गेल्या. मग घरातलं दिसेल ते कापड कॅमेऱ्यासमोर धरत गेले. शिंप्याकडे कापडाचे तुकडे घेऊन गेले, मुलींचे पोशाख बदलून घेतले. पोशाख शिवायच्या आधी कापड कॅमेऱ्याला दाखवा. माझे ६,२०० रुपये यात दोनदा गेले.

नोव्हेंबरात काका आले. काका नाशिकच्या नाटकांना तीसेक वर्षं उजेड देतायत. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं: कॅमेरा हालचाल मोजेल, लॅपटॉप आकडा काढेल, दिवे आपोआप चढतील. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, मग मी तिथे काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही या, काका. पुढचं बघू."

दिव्यांची रचना त्यांचीच. मी समोरून निळा उजेड चढवायच्या बेतात होते. ते म्हणाले, पाणी समोरून येत नाही, बाजूनं चढतं. दोन्ही विंगांत दोन-दोन स्टँड, प्रत्येकावर तीन एलईडी पार, म्हणजे डब्यासारखे रंगीत दिवे: एक नडगीच्या उंचीवर, एक कमरेच्या, एक डोक्याच्या. एकूण बारा. आधी खालचे लागले की फक्त पाय निळे होतात आणि वरचं अंग अंधारात राहतं. मग मधले. मग वरचे. मारुतीची पट्टी तशीच्या तशी उभी राहिली. नाचाच्या प्रकाशयोजनेत बाजूचे दिवे जगभर असेच तीन उंचींवर लावतात हे मला नंतर कळलं. काकांना ते अनुभवानं माहीत होतं.

डीएमएक्सबद्दल, म्हणजे दिव्यांना हुकूम पाठवायच्या पद्धतीबद्दल, थोडं, कारण मी याला फार घाबरले होते. एका केबलवर ५१२ चॅनल जातात, प्रत्येक चॅनलला ० ते २५५ असा एक आकडा. बस. आमचे बारा पार सात चॅनलचे, म्हणजे ८४ चॅनलमध्ये सगळं बसलं. दिवे चालवायला क्यूएलसी प्लस हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं, हालचाल मोजायचा प्रोग्रॅम भाच्यानं प्रोसेसिंग या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला. टचडिझायनर या सॉफ्टवेअरवर सुरुवात केली होती, पण त्याची फुकट आवृत्ती पैसे न घेता केलेल्या कामासाठी आहे. आमचं तिकीट २०० रुपये होतं, म्हणून सोडलं. तिकीट लावणार असाल तर परवान्याची अट आधीच वाचा.

आता उशिराबद्दल. या सगळ्या खटाटोपात मला शिकायला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

मुलींची तक्रार होती की उजेड "चिकट" वाटतो. मी फोन घेतला, २४० चित्रांच्या स्लो मोशनवर लावला, आणि एकीचा हात आणि दिवा एकाच चौकटीत घेतले. मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. हात हलल्यापासून दिवा लागेपर्यंत ३८ चित्रं. म्हणजे जवळजवळ १६० मिलिसेकंद. ऐकायला काहीच वाटत नाही. पण द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा चालल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. अर्ध्या मात्रेहून जास्त उशीर. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येऊन जाते आणि दिवा मागून येतो. काही उशीर पारच्याच आत होता. त्यांच्या मागच्या मेनूत उजेड मऊ करायची सोय चालू असते, ती बंद केली. प्रोग्रॅममधलं सरासरी काढणं कमी केलं. १९ चित्रांवर आलो, ८० मिलिसेकंदांच्या आत. विलंबित लयीत हे पुरतं, पाणी हळूच मागे येतं हे शोभूनही दिसतं. द्रुतात मात्र अजूनही बोचत होतं.

काका शेजारी बसून हे मोजणं बघत होते. त्यांनी फेडरचा, म्हणजे दिवे हातानं कमीजास्त करायच्या सरकत्या खुंट्यांचा, छोटा पट्टा पुढे ओढला. मुलींना पुन्हा तोच तिहाईचा, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा, तुकडा करायला सांगितलं. समेवर दिवा बरोबर पडला. पुन्हा, पुन्हा बरोबर. फोनवर मोजलं तर एकदा दिवा पायाच्याही दोन चित्रं आधी. मला तिथेच उमगलं. यंत्राला हालचाल झाल्यावर कळतं. काकांना सम येणार हे आधीच्या तीन बोलांपासून माहीत असतं.

त्या दिवशी आम्ही नाच दोन भागांत वाटला. संथ जागा यंत्राच्या, जलद जागा काकांच्या. लॅपटॉपवर मोठं चौकोनी बटण केलं, त्यावर भाच्यानं देवनागरीत लिहिलं: "हात". ते दाबलं की कॅमेरा बाजूला आणि फेडर काकांकडे. काका नेहमीच्या कंट्रोल रूममध्ये न बसता विंगेत, लॅपटॉपपाशी बसणार होते. त्याला तांत्रिक कारणही होतं: यूएसबीची साधी केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही, डीएमएक्सची केबल मात्र शेकडो फूट जाते. म्हणून लॅपटॉप कॅमेऱ्याच्या शक्य तितक्या जवळ ठेवायचा आणि दिव्यांची केबल लांब न्यायची.

डिसेंबर-जानेवारी नुसती तालीम. आठवड्यातून चार दिवस, बारावीची एक मुलगी, तिचा अभ्यास सांभाळून. सगळ्यात अवघड होतं थांबणं. पाणी उतरायला पाचही जणींनी पंधरा सेकंद अजिबात हलायचं नाही. हातावर डास बसला तरी नाही.

१५ फेब्रुवारी, दुपारचं सत्र. साडेबाराला टेम्पो लागला. भाड्याच्या पारना तीन पिनांचे प्लग, तिथल्या डीएमएक्सच्या तारेला पाच पिनांचं सॉकेट. काकांच्या पिशवीत दोन्हीकडचे जोड होते, नाहीतर तासभर तिथेच गेला असता. मग शेवटच्या स्टँडवरचा पार थरथरायला लागला. काकांनी ओळीच्या टोकाला एक प्लग खोचला, आत १२० ओहमचा रेझिस्टर. थरथर बंद. काही रुपयांची वस्तू, दोन जवळ ठेवा. केबल जमिनीला टेपनं पक्क्या चिकटवा, मुली अनवाणी असतात.

अडीचला कॅमेरा वर चढला. खाली सगळा रंगमंच बसत होता, पण कडेला उभ्या मुलीनं हात वर केला की बोटं कापली जायची, कारण उंचावर कॅमेऱ्याची नजर अरुंद होते. दोघींना दोन-दोन फूट आत घेतलं. मग मुख्य अडचण. सुरुवातीला काकांना जुने हॅलोजन हवे होते. एलईडीचा उजेड त्वचेवर सपाट पडतो, हॅलोजनचा अंबर अंगाला ऊब देतो, पूर येण्याआधीचं घाटावरचं ऊन तसंच हवं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. पण हॅलोजन लागताच लॅपटॉपवर सगळं पांढरं झालं. हॅलोजन दिसणाऱ्या उजेडापेक्षा जास्त इन्फ्रारेडच देतो. कॅमेरा आंधळा.

मी म्हटलं, हॅलोजन काढू. काका म्हणाले, "आधी विझवून तर बघा." हॅलोजन विझवले. रंगमंच काळोखात गेला, आणि लॅपटॉपवर चित्र मात्र पांढरंच. मग हळूहळू, अगदी राखेतला निखारा विझावा तसं, ते करडं होत गेलं. तारा गरम होत्या, आपल्याला न दिसणारा उजेड अजून देत होत्या. आम्ही घड्याळ लावून मोजलं. आठ सेकंद. तेवढी शांतता मी नाचातच घातली. ऊन जातं, पाच जणी काळोखात आठ सेकंद उभ्या, आणि मग पहिल्यांदा घोटे निळे होतात. लिहून ठेवलेल्या चार पानांत ही जागा नव्हती. आता ती मला या नाचातली सर्वांत आवडती जागा आहे.

पूर्ण तालीम दोनदाच झाली. सहाला जागा सोडावी लागली.

१६ तारखेला रात्री ३०७ तिकिटं गेली. पूर्वार्ध नीट झाला. मध्यंतरानंतर धुक्याचं मशीन चालू केलं, उजेडाचा झोत दिसावा म्हणून. पाण्यावर चालणारं घेतलं होतं, भाडं २,५००, आणि तोंड नाचाच्या जागेपासून लांब, कारण त्याचा थर जमिनीवर बसला तर पाय घसरतो. ऊन, काळोख, आठ सेकंद, घोटे. समोर कुणीतरी श्वास ओढला ते मला विंगेत ऐकू आलं. पाणी गुडघ्याला लागलं. कमरेला. द्रुताचा तुकडा काकांचा, प्रत्येक सम जागेवर. पुन्हा यंत्राकडे. पाणी गळ्यापर्यंत चढलं आणि मुली थांबल्या.

पाणी उतरेना.

पंधरा सेकंद झाले, वीस झाले. पाचही जणी पुतळ्यासारख्या. मी समोरच्या विंगेतून लॅपटॉपचा पडदा पाहू शकत होते: मुली स्थिर, आणि त्यांच्या भोवती काहीतरी सतत हलतंय. धुकं. प्रेक्षागृहाचा एसी चालू होता, वारा रंगमंचावर येत होता, धुकं वळसे घेत होतं आणि इन्फ्रारेड दिव्यांत चमकत होतं. कॅमेरा त्यालाच नाच समजत होता. आदल्या दिवशी एसी बंद होता, म्हणून हे कळलंच नाही. मी फॉर्मवर न केलेली ती खूण.

काकांनी लगेच बटण दाबलं नाही. मी हातानं खुणा करत होते, ते माझ्याकडे बघतच नव्हते. सगळ्यात पुढच्या मुलीकडे बघत होते. तिनं दमून एक लांब श्वास सोडला, खांदे जरासे खाली आले, आणि त्याच क्षणी वरचे दिवे मंदावायला लागले. मग पुढचा श्वास, मधले. चाळीस सेकंद लागले असतील. तालमीत हे पाणी कधीच इतकं सावकाश उतरलं नव्हतं. शेवटी घोटे राहिले, मग तेही गेले.

एसीचे पैसे तालमीलाही भरा, निदान अर्ध्या तासाचे मागून बघा. धूर किंवा धुकं वापरणार असाल तर त्याच हवेत कॅमेरा तपासा.

प्रयोगानंतर सराफ बाजाराकडच्या एक आजी भेटायला आल्या. त्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलेलं आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. म्हणाल्या, "कमरेला आलं तेव्हा मी पाय वर घेतले गं खुर्चीवर. चपला खालीच राहिल्या." नंतर त्या चपला शोधायला परत आत गेल्या.

हिशेब: एकूण खर्च १,१२,३०० रुपये, तिकिटांचे ६१,४००. उरलेले माझ्या साठवणीतले आणि थोडे पालकांचे. खर्चातला मोठा वाटा नाट्यगृह, भाड्याचे दिवे आणि माणसं यांचा. लॅपटॉप घरचाच होता. कॅमेरा, इन्फ्रारेड दिवे आणि डीएमएक्स पेटी मिळून ८,९०० च झाले, हे मुद्दाम सांगते, कारण लोक तंत्रज्ञानाच्याच खर्चाला घाबरतात.

अनामत परत मिळवायला मूळ पावती, रद्द केलेला धनादेश आणि अर्ज लागतो. मूळ पावती मी तिकिटांच्या पेटीत ठेवून विसरले होते, त्यात दहा दिवस गेले. ९ एप्रिलला पैसे खात्यात आले. त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. मला वाटलं त्यांचे राहिलेले पैसे मागायला केला असेल, मी तेच बोलायला लागले.

"ते राहू द्या, ताई," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात एक नाटक आहे, त्यात एक बाई अंधारात चालत येते. तो कॅमेरा द्याल का चार दिवस? आणि आईंकडे निगेटिव्हचं अजून एखादं काळं टोक असेल तर तेही सांभाळून ठेवायला सांगा."